सीताबर्डीचा किल्ला, अजब बंगला आणि कामठी: नागपूरचा लष्करी इतिहास कुठे आणि कसा पाहावा?

महालकर (धागाकर्ता)

लष्करी इतिहासाचे संग्रहालय पाहायचे म्हटले की आपल्या मंडळींच्या तोंडी पहिली नावे येतात ती दिल्ली, पुणे आणि अहिल्यानगरची. नागपूरकरही सुट्टीत बाहेरगावी जाऊन रणगाडे पाहून येतात आणि स्वतःच्या गावातील रणभूमीजवळून रोज मेट्रोने जा-ये करतात, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा धागा काढत आहे. नागपुरात आणि आसपास लष्करी इतिहास कोणत्या क्रमाने पाहावा, याविषयी मला जे ठाऊक आहे ते लिहितो. जाणकारांनी त्यात भर घालावी.

माझ्या मते सुरुवात अजब बंगल्यापासून करावी. सिव्हिल लाइन्समधील हे मध्यवर्ती संग्रहालय 1863 साली स्थापन झाले. बहुतेक जण तिथे लहानपणी पेंढा भरलेले प्राणी पाहायला गेलेले असतात आणि शस्त्रांच्या दालनातून दोन मिनिटांत बाहेर पडलेले असतात. जुनी शस्त्रे अशी चालता चालता पाहण्याची वस्तू नाही. दांडपट्टा समोर आला की त्याच्या पात्याआधी मूठ न्याहाळावी. कोपराच्या दिशेने वर येणाऱ्या लोखंडी खोबणीत हात घालायचा, आतली आडवी मूठ पकडायची आणि वरचा बंद हाताभोवती आवळायचा, अशी ती रचना असते. त्यात मनगट जवळजवळ जखडले जाते, त्यामुळे वार मनगटातून निघत नाही, तो खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पट्टेबाज एवढी मोकळी जागा का मागतो आणि त्याचे पदलालित्य इतके महत्त्वाचे का, हे ती मूठ पाहिल्यावर कळते. कट्यारीचे याच्या उलट आहे. तिच्या दोन उभ्या पट्ट्यांमधल्या आडव्या दांड्या मुठीत आवळल्या की पाते सरळ मुठीच्या रेषेत पुढे येते. ते अंगाला अंग भिडल्यावर खुपसण्याचे हत्यार आहे. चिलखताच्या कड्या काचेतून जवळून पाहाव्यात आणि कोणत्या वारापुढे त्या टिकत असतील, कोणत्यापुढे नसतील, याचा स्वतःशी विचार करावा.

एवढे करून मग सीताबर्डीच्या टेकडीवर जावे. हा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, तिथे प्रादेशिक सेनेच्या 118 क्रमांकाच्या पायदळ पलटणीचे ठाणे आहे, आणि सर्वसामान्य लोकांसाठी तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशी उघडला जातो. त्या दिवशी टेकडीवर मोठी गर्दी लोटते. लोक तोफांजवळ उभे राहून फोटो काढतात, वरून शहर पाहतात आणि खाली उतरतात. आपण उभे आहोत ती जागा म्हणजेच मुख्य वस्तू आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून ते इथे थोडे सविस्तर सांगतो. टेकड्या दोन आहेत: एक मोठी आणि तिच्या उत्तरेला एक लहान, मध्ये चिंचोळा दांड. 24 नोव्हेंबर 1817 रोजी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे आणि जरीपटका हे मराठ्यांचे निशाण स्वीकारले. त्याच महिन्याच्या 5 तारखेला खडकीची लढाई होऊन गेलेली होती, म्हणजे पेशवे इंग्रजांशी उघड युद्धात उतरले होते. आणि अप्पासाहेबांनी तर 1816 च्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केलेला होता. ती वस्त्रे घेणे म्हणजे तो तह झुगारणे, हा अर्थ रेसिडेंट म्हणजे नागपूर दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी रिचर्ड जेंकिन्स याला तत्काळ कळला आणि त्याची फौज या दोन टेकड्यांवर चढली. लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे 1,400 माणसे होती: मद्रासच्या दोन पायदळ पलटणी, बंगालच्या सहाव्या घोडदळाच्या तीन तुकड्या आणि सहा पौंडी गोळा फेकणाऱ्या चार तोफा. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या घरात होती आणि त्यात काही हजार अरब शिपाई होते.

26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी लढाईला तोंड फुटले. सगळा जोर लहान टेकडीवर आला, कारण तिच्या पायथ्याशी घरे आणि झोपड्या असल्यामुळे हल्ला करणाऱ्यांना अगदी जवळपर्यंत आडोसा मिळत होता, आणि ती पडली की मोठ्या टेकडीवर टिकाव धरणे कठीण होते. रात्री गोळीबार थंडावला आणि उजाडताच पुन्हा सुरू झाला. 27 तारखेच्या सकाळी लहान टेकडीवर तोफेजवळच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, पलटणीत गोंधळ माजला, आणि अरबांनी तलवारी उपसून टेकडी घेतली. तिथली तोफ फिरवून त्यांनी ती मोठ्या टेकडीवर डागायला सुरुवात केली. इंग्रजांची बाजू त्या क्षणी कोसळण्याच्या बेतात होती. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्ड नावाच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांचा नकार असताना, स्वतःच्या जबाबदारीवर, घोडदळ घेऊन खालच्या मैदानात मुसंडी मारली. पुढे लहान टेकडीवर पुन्हा एक दारूगाडी उडाली, या वेळी अरबांच्या जवळ, आणि त्या धुराळ्यात मद्रासच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सगळे संपले होते. कंपनीच्या बाजूचे साडेतीनशेहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले, म्हणजे एकूण फौजेच्या जवळपास पाव हिस्सा.

आता वर उभे राहून हे जमिनीवर बसवून पाहावे. पूर्वेला रेल्वे स्टेशन आणि त्यापलीकडे जुने शहर, आग्नेयेला गांधीसागर म्हणजे तेव्हाचा जुम्मा तलाव आणि त्याच्या पलीकडे महाल. भोसल्यांची फौज त्या दिशेने आली. एका टेकडीवरून दुसरीवर बंदुकीची गोळी पोहोचेल का, तोफ पोहोचेल का, घोडा कुठून चढेल आणि कुठे अडेल, हे प्रश्न विचारत पंधरा मिनिटे उभे राहिलो तरी कोणत्याही नकाशाने कळले नसते एवढे कळते.

शेवटी महालातल्या गांधी गेटपाशी यावे. हाच तो जुम्मा दरवाजा. सीताबर्डीनंतर ब्रिगेडियर जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन 12 डिसेंबरला आला, 16 तारखेला नागपूरची लढाई झाली, अप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. पण शहरात शिरलेले अरब हटेनात. 24 डिसेंबरला याच दरवाजावर केलेला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि त्यानंतर अटी ठरवूनच डिसेंबरअखेर शहर सोडले. या दरवाजातून मी रोज जातो. इथे काय घडले हे सांगणारी चार ओळींची मराठी पाटी इथे लागावी, एवढी साधी अपेक्षा आहे.


धरमपेठी

फार चांगला धागा. दोन शंका आहेत. किल्ला पाहायला जाताना ओळखपत्र लागते का, आणि मोबाइल आत नेऊ देतात का? माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना चढ झेपेल का हेही सांगावे.


महालकर (धागाकर्ता)

ओळखपत्र सोबत ठेवावेच. मोबाइल आणि कॅमेऱ्याचे नियम त्या दिवशी प्रवेशद्वारावर सांगतात, तेच अंतिम समजावे. हे चालते लष्करी ठाणे आहे, त्यामुळे जिथे जाऊ नका म्हणतील तिथे जाण्याचा आग्रह धरू नये. चढ मोठा नाही, पण सावली कमी आहे. सासूबाईंना घेऊन जायचे असेल तर 26 जानेवारीची सकाळ निवडावी. 1 मे रोजी नागपूरच्या उन्हात रांगेत उभे राहणे तरुणांनाही जड जाते, आणि 15 ऑगस्टला पाऊस असला तर दगड निसरडे होतात. पाण्याची बाटली आणि टोपी न्यावी. खाली आल्यावर टेकडी गणपतीचे दर्शन घेऊन झिरो माइलच्या खांबापर्यंत जाता येते, तिथून अजब बंगलाही दूर नाही. मात्र अजब बंगला सोमवारी बंद असतो आणि राष्ट्रीय सणाच्या दिवशी तो उघडा आहे की नाही याची आधी खात्री करून घ्यावी.


रानवाट

महालकरांनी लढाईचे वर्णन नेमके केले आहे. त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण किल्ल्यावर ती कोणीच सांगत नाही आणि मला ती या लढाईतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

लहान टेकडीवर जी मद्रासची पलटण होती, ती त्या वेळी 24 व्या रेजिमेंटची पहिली पलटण म्हणून ओळखली जात होती. तिचा आधीचा क्रमांक पहिला होता. 1806 साली वेल्लोरला शिपायांनी उठाव केला. नवी पगडी, कपाळावरचे गंध आणि दाढी यांविषयीचे हुकूम हे त्याचे तात्कालिक कारण होते. त्या उठावात सामील झाल्याबद्दल या पलटणीचे नाव आणि क्रमांक काढून घेण्यात आला आणि तिला 24 वा क्रमांक मिळाला. सीताबर्डीनंतर त्या शिपायांनी बक्षीस म्हणून आपला जुना क्रमांक परत मागितला, आणि तो त्यांना देण्यात आला. पुढे ही पलटण मद्रास पायोनियर्समध्ये गेली आणि तिच्या सन्मानयादीत सीताबर्डीचे नाव अखेरपर्यंत राहिले.

म्हणजे पाहा, अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, त्याच पलटणीचे शिपाई या टेकडीवर इंग्रजांसाठी लढले, आणि त्यांच्यासमोर होते ते भोसल्यांच्या चाकरीत असलेले, समुद्र ओलांडून आलेले अरब. दोन्ही बाजूंना लढणारा बहुतांश माणूस पगारी शिपाई होता. आपण नागपूरचे लोक या लढाईकडे मराठे विरुद्ध इंग्रज एवढ्याच नजरेने पाहतो. मला वाटते, तिथे उभे राहताना तमिळ आणि तेलुगू मुलखातून इतक्या दूर येऊन या कातळावर मेलेल्या शिपायांचाही विचार मनात यावा. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. अरबांचीही नाहीत.


सेवानिवृत्त_शिक्षिका

रानवाट, आपण सांगितलेली वेल्लोरची कथा मी चाळीस मिनिटांच्या तासात मुलांना कशी सांगता आली असती याचाच विचार करते आहे. पाठ्यपुस्तकात वेल्लोर एका प्रकरणात असते आणि तिसरे इंग्रज-मराठा युद्ध दुसऱ्या. त्यांना जोडणारी माणसे तीच आहेत, हे मुलांना कधी कळतच नाही.


बुलंद

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे आणि तो कृपया सद्भावनेने घ्यावा. सीताबर्डी हा आपला पराभव आहे. त्या पराभवानंतर अप्पासाहेबांना पदच्युत करून कैदेत घातले गेले, ते वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात आणि पुढे पंजाबपर्यंत भटकले आणि शेवटी 1840 मध्ये जोधपूरला वारले. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर 1854 मध्ये राज्यच खालसा झाले. ज्या जागी हे सगळे सुरू झाले, तिथे राष्ट्रीय सणाला मुलांना नेऊन पराभवाचा तपशील का सांगावा? रघुजी भोसल्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या, 1751 मध्ये मिळवलेले ओडिशा, हे सांगावे. संग्रहालयाने अभिमान वाढवावा असे माझे मत आहे.


महालकर (धागाकर्ता)

बुलंद, आपला आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण पुष्कळ नागपूरकरांच्या मनात तो आहे. माझे उत्तर असे की विजय कसा मिळाला हे शिकवणारी संग्रहालये पुष्कळ आहेत. अठरा हजारांची फौज चौदाशेंपुढे का हटली, हे शिकवणारी जागा आपल्या गावात आहे. अरब प्राणपणाने लढले. उरलेल्या फौजेने मात्र निकराचा हल्ला केला नाही, असे इंग्रजी वृत्तांतांवरून दिसते. लढाई चालू असताना दरबाराचा निश्चय पक्का नव्हता. एकाच वेळी सगळीकडून हल्ला झाला असता, रात्रीचा विश्राम घेतला नसता, लहान टेकडी हाती आल्याबरोबर तिथे ताज्या दमाची कुमक पोहोचली असती, तर त्या सकाळी निकाल वेगळा लागू शकला असता. हे लपवले तर लहान टेकडी घेणाऱ्या त्या माणसांचा पराक्रमही लपतो. आपल्या बाजूने त्या दिवशी झालेले सर्वांत मोठे शौर्यकृत्य आपण पराभवाच्या नावाखाली विसरलो आहोत, आणि याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

दुसरे असे की आज आपल्याला माहीत असलेला बहुतेक वृत्तांत जिंकणाऱ्या बाजूने लिहिलेला आहे. आपण बोललोच नाही तर तेवढाच उरेल.


सेवानिवृत्त_शिक्षिका

बुलंद यांना रघुजी भोसल्यांविषयी मुलांना सांगावेसे वाटते, त्यासाठी एक सुंदर निमित्त नुकतेच मिळाले आहे. पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार 2025 च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती 47.15 लाख रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे पाते, त्यावर सोन्याचे काम असलेली मुल्हेरी घाटाची मूठ, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचे नाव व सेनासाहेब सुभा हे पद. पाते परदेशातून आलेले, मूठ इथली. अठराव्या शतकातील मराठा सरदार चांगले पोलाद जिथून मिळेल तिथून घेत होते, हे त्या एका वस्तूत मुलांना दाखवता येते.

ती नागपूरमधून बाहेर कशी गेली असेल, याविषयी 1817 च्या लढाईनंतरच्या लुटीकडे किंवा पुढच्या काळातल्या भेटींकडे बोट दाखवले जाते. मार्ग कोणताही असो, या तलवारीचे घर नागपूर आहे. ती अजब बंगल्यात कायमची यावी, तिच्या शेजारी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांची मातीची प्रतिकृती असावी आणि मुलांना ती हाताने चाचपून पाहता यावी. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. उंचसखल जमीन बोटांनी चाचपून पाहिलेले मूल ती लढाई विसरत नाही.


बुलंद

ही कल्पना मला पूर्णपणे मान्य आहे. लहान टेकडीविषयी महालकरांनी जे लिहिले त्यावरही मी विचार करतो आहे.


कामठीवासी

धाग्याच्या नावात कामठी आहे आणि अजून कोणी कामठीत पोहोचले नाही, म्हणून लिहितो. कामठीची छावणी 1821 ची, म्हणजे सीताबर्डीच्याच लढाईचे अपत्य. नागपूरवर नजर ठेवण्यासाठी कन्हान नदीकाठी कंपनीने फौज वसवली आणि ती फौज पुढे कधी हललीच नाही.

आज कामठी म्हणजे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर. ही रेजिमेंट 1949 मध्ये जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटच्या जुन्या, नामांकित पलटणी काढून ती बनवली आणि जात, प्रांत न पाहता सर्व भारतातून भरती करायची असे ठरले. चिन्ह गरुड, ब्रीदवाक्य ‘पहला हमेशा पहला’. सेंटरचे स्वतःचे संग्रहालय आहे. ते लष्करी आवारात असल्यामुळे आधी विचारणा करून, परवानगी घेऊन, ओळखपत्रासह जावे. शाळेचा किंवा मंडळाचा गट असेल तर लेखी विनंती करणे बरे.

रेजिमेंटचे संग्रहालय हे सरकारी संग्रहालयापेक्षा वेगळ्या मनाने पाहावे लागते. ते मुळात पर्यटकांसाठी मांडलेले नसते. नव्याने भरती झालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण कोणाच्या रांगेत उभे राहणार आहोत हे कळावे म्हणून ते असते. त्यामुळे तिथे युद्धाची कारणे कमी आणि माणसांची नावे जास्त सापडतात.

त्यातले एक नाव प्रत्येक नागपूरकराला माहीत असावे: लान्स नायक अल्बर्ट एक्का, 14 गार्ड्स. गाव जारी, आज झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यात. 3 डिसेंबर 1971 च्या रात्री आगरतळ्याच्या पश्चिमेला गंगासागर येथे शत्रूच्या मोर्च्यावर त्यांच्या पलटणीने हल्ला केला. एका बंकरमधली लाइट मशीनगन साथीदारांना टिपत होती. एक्कांनी त्या बंकरवर धाव घेऊन संगिनीने तिथल्या दोघांना मारले आणि गन बंद पाडली. त्यात ते जखमी झाले, तरी पुढे जात राहिले. मोर्च्याच्या उत्तर टोकाला एका दुमजली इमारतीतून दुसरी मशीनगन सुरू झाली. ते रांगत तिथवर गेले, बंकरमध्ये हातबॉम्ब टाकला, तरीही ती थांबेना म्हणून भिंत चढून आत शिरले आणि संगिनीनेच ती थांबवली. त्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, आणि 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर मिळालेले ते एकमेव परमवीर चक्र आहे. त्या वेळी त्यांचे वय 28 होते.

कामठीविषयी आणखी एक गोष्ट आमच्या भागात अभिमानाने सांगितली जाते. इंग्रजांनी 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात उभारलेली 111 वी महार पलटण युद्धानंतर मोडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, महार रेजिमेंटसाठी त्यांनी आग्रह धरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण 1942 च्या जून महिन्यात उभी राहिली ती कामठीत. रेजिमेंटच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. रेजिमेंटचे सेंटर आज मध्य प्रदेशात सागरला आहे, पण दुसऱ्या पलटणीचा जन्म आमच्या मातीत झाला, हे कामठीत पाटीवर लिहिलेले मला पाहायचे आहे.


रानवाट

कामठीवासी, मनापासून आभार. दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना हे कळले तर त्यांचे पाय कामठीकडे वळतील!


रणगाडा

नागपुरातील ठिकाणांविषयी सगळे आले आहे, म्हणून मी फक्त अहिल्यानगरविषयी लिहितो, कारण समृद्धी महामार्गामुळे नागपूरकरांना आता शिर्डीपर्यंत एका दमात जाता येते आणि तिथून अहिल्यानगर पुढे दोनेक तासांवर आहे.

तिथले रणगाडा संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 च्या फेब्रुवारीत सुरू केले. सुमारे 50 चिलखती वाहने उघड्या आवारात झाडांखाली उभी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, आणि आपल्या आवडीच्या विजयंतापर्यंत. लोक मोठ्या तोफेच्या गाड्यांपाशी थांबतात. माझी विनंती आहे की एकमेकांसमोर लढलेल्या गाड्या जोडीने पाहाव्यात. पीटी-76 हा आपला हलका, पाण्यावर तरंगणारा रणगाडा. त्याचे चिलखत पातळ असते. शेफी हा पाकिस्तानचा अमेरिकी बनावटीचा. हे दोघे 21 नोव्हेंबर 1971 रोजी, अधिकृत युद्ध सुरू होण्याच्या आधी, बंगालमधल्या गरीबपूरला दाट धुक्यात समोरासमोर आले आणि आपल्या 45 कॅव्हलरीच्या तुकडीने शेफींची धूळधाण केली. दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे राहून त्यांची उंची आणि जाडी पाहिली की आत बसलेल्या माणसांच्या धैर्याची कल्पना येते.

तसेच पॅटन, हाही पाकिस्तानचा अमेरिकी बनावटीचा रणगाडा. 1965 च्या सप्टेंबरमध्ये पंजाबमधल्या असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडले आणि त्या चिखलात, उसाच्या फडांसमोर, हे अवजड रणगाडे रुतले. तिथेच 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटन टिपले आणि प्राण दिले. पॅटनसमोर उभे राहताना शेजारी एक उघडी जीप मनाने उभी करावी.

पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरला ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात वयाच्या 21 व्या वर्षी धारातीर्थी पडले, तो रणगाडाही अहिल्यानगरच्या याच सेंटरने जतन केला आहे. पूना हॉर्स ही त्यांची रेजिमेंट.


धरमपेठी

आम्ही 26 जानेवारीला सासूबाईंना घेऊन किल्ल्यावर जायचे ठरवले आहे. महालकर, गांधी गेटच्या पाटीसाठी आपण कोणाला लिहिणार असाल तर मलाही सही करायची आहे. पाटीवर काय असावे?


महालकर (धागाकर्ता)

आपल्या सहीचे स्वागतच आहे. विनंती महानगरपालिकेकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे अशी दोन्हीकडे द्यावी असे मला वाटते, आणि किल्ल्यासाठी वेगळी, लष्कराच्या स्थानिक अधिकाऱ्यांकडे, कारण तिथला निर्णय त्यांचा आहे. गांधी गेटसाठी मसुदा असा सुचवतो, त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात:

‘जुम्मा दरवाजा. नागपूरकर भोसल्यांच्या राजधानीचा हा वेशीदरवाजा. 26 व 27 नोव्हेंबर 1817 च्या सीताबर्डीच्या आणि 16 डिसेंबर 1817 च्या नागपूरच्या लढाईनंतर भोसल्यांच्या चाकरीतील अरब शिपायांनी शहर लढवत ठेवले. 24 डिसेंबर 1817 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने या दरवाजावर केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला.’

किल्ल्यावरच्या पाटीत दोन टेकड्यांचा नकाशा असावा, लहान टेकडी कोणी घेतली आणि कोणी परत घेतली हे दोन्ही बाजूंच्या पलटणींच्या नावांसह असावे, आणि रानवाट यांनी सांगितलेला वेल्लोरचा संदर्भ एका ओळीत यावा. मराठीसोबत हिंदी आणि तमिळमध्येही मजकूर लिहावा अशी माझी सूचना आहे, कारण त्या टेकडीवर पडलेल्यांमध्ये मद्रासकडचे शिपाई पुष्कळ होते. उर्दू आणि अरबी मजकुरासाठी कोणी मदत करू शकत असेल तर याच धाग्यावर कळवावे. 26 जानेवारीच्या आधी अर्ज दाखल करण्याचा विचार आहे.


सेवानिवृत्त_शिक्षिका

उर्दू मजकुरासाठी मोमिनपुऱ्यातील माझ्या एका जुन्या सहशिक्षकांना विचारते. मसुद्यात ‘वेशीदरवाजा’ ऐवजी नुसते ‘शहराचा दरवाजा’ म्हणावे, मुलांना ते लगेच समजेल. बाकी मजकूर आहे तसाच राहू द्यावा.